दाखल क्रमांक आठशे चौदा

जालन्याच्या नगर वाचनालयात
ही कादंबरी नावानं कुणी मागत नाही.
"आठशे चौदा आलं का, सर?"
विचारते पंचफुला साळवे,
आणि बोटांना लागलेला सरकीच्या औषधाचा गुलाबी रंग
पदराला पुसते. बियाणं कंपनीत पॅकिंगला असते ती.

मुखपृष्ठ कधीच गेलं. पहिली चार पानंही.
म्हणजे यादवांच्या राज्यातली ती मुलगी
आमच्याकडे जन्मतच नाही.
थेट पाचव्या पानावर, देवळाच्या पायरीवर,
हातात दिवा घेऊन उभी राहते,
आणि खाली एक पाथरवट, कानांत दगडाची भुकटी,
तिच्याकडे न बघता तिच्याचकडे बघतो.

मग दोनशे पस्तीस पानं कुणी कुणाला शिवत नाही.
दुष्काळ पडतो. फौज येते.
त्याला किल्ल्याच्या कामावर ओढून नेतात.
ती रोज त्याच कोनाड्यात एक वात जास्तीची लावते.
एवढंच.

मी एम. ए. इतिहास. मला हसू यायचं.
सत्तावन्नाव्या पानावर ती ठेचा कुटते नि डोळे पुसते,
तिथं समासात मी पेन्सिलनं लिहिलं:
यादवकाळात मिरची नव्हती.
पुस्तक परत आलं तेव्हा खाली निळ्या शाईत,
केसपेपरवर असतं तसल्या अक्षरात:
मग ती रडली कशानं?

दोर्कसबाई शिरसाठ.
मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं, बहुतेक रात्रपाळ्या.
म्हटलं, बाई, यात तर सगळा बेल आणि अभिषेक,
तुम्हाला काय सापडतं?
चष्मा काढून म्हणाल्या,
"ती मागत राहते अन् तो गप्प बसतो ना,
ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं आहे."

पंचफुलाचं वेगळंच.
"मालक चांगलेत माझे, तसं नाही सर.
पण हा पाथरवट बघा,
आधी देवाला विचारतो, मग तिच्या बापाला,
अन् समद्यांत शेवटी तिलाबी विचारतो.
शेवटी का होईना,
विचारतो की."

पिको-फॉलवाली नसीम
एकशे अठ्ठ्याण्णवाव्या पानात हिरवा दोरा विसरून गेली.
मी तो काढला नाही.

मार्चमध्ये वरून यादी मागवली:
जीर्ण पुस्तके, रद्दीत काढणे, कारणांसह.
आठशे चौदापुढचा रकाना कोरा ठेवून
मी ते पिशवीत घातलं.
रात्री लाईट गेली. मोबाईलच्या उजेडात
दोनशे एकेचाळीसावं पान आलं.

तो परततो. डावा हात नाही.
गाभाऱ्यात अंधार, ती घरी गेलेली.
देव काही बोलत नाही, तिथंही नाही.
पाथरवट कोनाडा चाचपतो,
आणि दगडावर साचलेली काजळी
नखानं खरवडतो, थरामागून थर,
शेतात विहीर किती खोल गेली ते बघावं तसा.
मग तिथंच बसून राहतो.

मी उठून पाणी प्यायलो.
पुरावा म्हणजे काय, ते मला कळतं.
कुणी आपली वाट पाहिली
आणि ती कुठंतरी साचली,
बोटाला लागावी एवढी.
असं मी कुठल्या ताम्रपटात वाचलं नव्हतं.

रविवारी खळ शिजवली, पुठ्ठा घातला,
गेलेल्या पानांच्या जागी चार कोरी पानं शिवली.
रकान्यात लिहिलं: वापरात आहे.

मागच्या आठवड्यात परत आलं.
पहिल्या कोऱ्या पानावर गुलाबी अंगठा,
आणि त्याखाली निळ्या शाईत:
मुलगी. वजन पावणेतीन किलो. लगेच रडली.

यादवकाळात किलो नव्हता.
पेन्सिल होती खिशात.
असू दे.